मी न उघडलेली कुलपं

सोमवार, ३ फेब्रुवारी

सूनबाईनं आज माझ्या कानाची फिल्म काढली. मी केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलो होतो, तर म्हणाली, "बाबा, चेहरा सगळ्यांनाच असतो. तुम्ही फक्त तिजोरीला कान लावा." लावला. तबकडी फिरवत गेलो, आतली चकती जागेवर बसल्याचं ऐकलं, दार उघडलं. सगळं मिळून चाळीस सेकंद. याला रील म्हणतात. खाली तिनं लिहिलं: 'कानसेन चावीवाले. आम्ही ऐकून उघडतो.'

शेजारचा चष्मेवाला डोकावून म्हणाला, "कानाला दृष्ट लागेल हो, मागे तीट लावा."

दुसरं काम तिनं केलं ते जास्त मोलाचं. कुणी फोनवर 'जवळचा चावीवाला' असं शोधलं की नकाशावर आपलं दुकान पहिल्या तिनांत दिसावं, याची सोय. तिथं दुकानाचं पान असतं. त्यावर फोटो, वेळ, फोन नंबर आणि खाली गिऱ्हाइकांनी दिलेले तारे. पाच तारे म्हणजे उत्तम, एक म्हणजे शिवी.

मी फूटपाथवर पेटी आणि एक कानस घेऊन बसायला लागलो तेव्हा माझा पत्ता 'वडाखालचा' एवढाच होता. वड तोडला तेव्हा आठवडाभर गिऱ्हाईक मला शोधत होतं. आता वड तोडायची भीती नाही, असं सूनबाई म्हणते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चाळीस हजार लोकांनी माझा कान पाहिला. आज चौदा फोन आले. एक बाई नुसतंच विचारत होत्या, "तुम्ही खरंच ऐकता का?" मी म्हटलं, "बायकोला विचारा, ती नाही म्हणेल."

कामाची पद्धत बदललेली नाही. घर तुमचं आहे याचा कागद दाखवा, वहीत पत्ता लिहा, सही करा, मग कुलपाला हात. एकदा एका नगरसेवकाला बाहेर उभं ठेवून मी त्याच्या बायकोला फोन केला होता. तो अजून बोलत नाही माझ्याशी. न का बोलेना.

सूनबाई उद्या तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी जातेय, महिनाभर. मुलगा बोटीवर, म्हणजे दुकानाचा सगळा ऑनलाइन संसार माझ्या फोनमध्ये. जाताना बजावलं, "जाहिरात आपोआप चालू राहील. तुम्ही फक्त फोन उचला. बाकी कशाला बोट लावू नका."

ही आतून म्हणाली, "त्यांना बोट लावू नका म्हणणं म्हणजे आमंत्रण देणं."

मंगळवार, १८ फेब्रुवारी

नकाशाच्या कंपनीतून फोन आला. माणूस इतका गोड की काय सांगू. म्हणाला, "काका, तुमची रील आमच्या ऑफिसात सगळ्यांनी बघितली." मग म्हणाला, दुकानाची पडताळणी बाकी आहे, आज झाली नाही तर यादीत दुकान खाली जाईल. पार तळाला. इतक्या वर्षांनी वर आलो आणि एका कागदासाठी खाली जायचं?

"काही करायचं नाही काका. एक सहा आकडी नंबर येईल, तेवढा वाचून दाखवा."

वाचला. तो म्हणाला, "झालं. आता निवांत रहा."

मी आवाजावरून माणूस ओळखतो. आतलं लिव्हर आखडलेलं असलं की कुलूप जसं बोलतं, तसा खोटा माणूस बोलताना कुठेतरी अडतो. हा कुठेच अडला नाही. सूनबाईला कळवलं नाही, तिच्या डोक्याला तिथे ताप कमी नाही. शिवाय एखादं काम आपणही करू शकतो.

सोमवार, २४ फेब्रुवारी

फोन मंदावलेत. आज दोनच, त्यातला एक बँकेचा. पण तारे वाढतायत. चार दिवसांत तीन गिऱ्हाइकांनी पाच-पाच तारे दिलेत. एकानं लिहिलंय: 'पाण्याच्या टाकीमागे राहतो. दहा मिनिटांत दार उघडून मिळालं, लगेच नवं कुलूपही बसवलं. कानसेनना धन्यवाद.'

छान वाटलं. मग वाटलं, टाकीमागे मी कधी गेलो होतो?

वही काढली. टाकीमागचा पत्ता नाही. बाकीचे दोनही नाहीत.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आणखी दोन. एक मासळी बाजाराच्या वरच्या मजल्यावरचे, एक शाळेमागचे. दोघंही खूश. दोघंही मला आठवत नाहीत.

हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, असंच सुरू झालं होतं. आधी गिऱ्हाइकांची नावं गेली, मग मुलांची, मग एक दिवस तो स्वतःच्याच दाराशी उभा राहून मला म्हणाला, "या घरातली माणसं कुठं गेली हो?" तो तेव्हा बासष्टचा होता. मला एकसष्ट सुरू आहे.

आज दुकानात बसून स्वतःची परीक्षा घेतली. डोळे मिटून भिंतीवरच्या कोऱ्या चाव्या एकेक हाताने ओळखल्या. एकशे बाराच्या एकशे बारा बरोबर. म्हणजे हात शाबूत आहेत. गेलंय ते डोकं.

आणि वहीत न लिहिता, सही न घेता मी लोकांची दारं उघडतोय? विसरण्यापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते. विसरलेला मी असं काय काय करत असेन.

बुधवार, ५ मार्च

आजचा तारा: 'दोन्ही मुलं फार सभ्य. चपला काढून आत आली.'

माझ्याकडे मुलं नाहीत. म्हणजे दुकानात कुणी नाही, मी एकटा. की आहेत?

जेवताना हिला आडून विचारलं, "शनिवारी दुपारी मी कुठे होतो गं?"

"जेवून घोरत होतात. का?"

"आणि नंतर?"

"नंतर उठलात आणि चहा पांचट झाला म्हणालात. काय झालंय तुम्हाला? हल्ली सगळं दोनदा विचारता."

दोनदा विचारतो. दादाही विचारायचा.

शर्टाच्या खिशात घरचा पत्ता लिहून ठेवलाय, हिचा नंबर त्याखाली. चष्मेवाल्याला तो कागद दिसला. त्याला म्हटलं, गिऱ्हाइकाचा आहे. तो थट्टा न करता नुसता बघत राहिला. ते जास्त वाईट.

सोमवार, १० मार्च

पोलीस आले होते. एक हवालदार, एक साहेब.

टाकीमागचं घर फुटलं. फुटलं म्हणणंही चूक, कारण काहीच फोडलेलं नव्हतं. घरची माणसं दोन दिवस बाहेर गेली, परत आली तर दार नीट लावलेलं आणि कपाट रिकामं. कुणीतरी चावीनं उघडून, चावीनंच लावून गेलं. आणि ते कुलूप पंधरा दिवसांपूर्वी 'कानसेन चावीवाले' यांनी बसवलेलं.

साहेबांनी विचारलं, "बसवलंत ना?"

मी म्हटलं, "मला आठवत नाही." खरं तेच बोललो. हवालदारानं साहेबांकडे पाहिलं.

साहेबांनी फोन पुढे केला. "दुकानाच्या पानावरचा हा नंबर तुमचा?"

पाहिला. पुन्हा पाहिला. शेवटचे चार आकडे वेगळे.

"नाही."

"मग तुमच्या नावाखाली कसा?"

आणि मला हसू फुटलं. पोलिसांसमोर, चोरीच्या चौकशीत, मी हसलो. डोकं शाबूत होतं माझं. टाकीमागे मी गेलोच नव्हतो, मग आठवणार कुठून? खिशातला कागद काढून चुरगळला. हवालदारानं तो लगेच ताब्यात घेतला. उलगडून बघितला तर माझाच पत्ता.

हसू दुकानाच्या पायरीपर्यंतही टिकलं नाही. माझ्या नावानं दोन सभ्य मुलं लोकांच्या घरात चपला काढून शिरतायत, दार उघडून देतायत, "हे कुलूप गेलंय" म्हणून नवं बसवतायत आणि त्याची एक चावी स्वतःकडे ठेवतायत. आणि लोक मला पाच तारे देतायत.

ज्यानं नगरसेवकाला कागदाशिवाय दार उघडलं नाही, त्यानं सहा आकडे एका गोड आवाजाला वाचून दाखवले.

मंगळवार, ११ मार्च

सूनबाईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तो आकडा म्हणजे चावीच होती."

"कळलं ते."

"मला का नाही विचारलंत?"

"तू म्हणालीस बोट लावू नका. मी बोट नाही लावलं, तोंडानं सांगितलं." ती हसली नाही. मीही विनोद म्हणून बोललो नव्हतो.

पान आता त्यांच्या हातात आहे. आपण तिथे नंबर बदलू शकत नाही, तारे देणाऱ्यांना उत्तरही देऊ शकत नाही. ती कंपनीकडे तक्रार करून बसलीय. उत्तर आलं, सात ते दहा कामाचे दिवस. चोरांना असे कामाचे दिवस नसतात. पोलीस म्हणाले, नंबर भलत्याच कुणाच्या नावावर आहे, शोधतोय.

तोवर काय? तारे देणारे अकरा जण आहेत. एकाचं घर गेलं. राहिलेल्या दहा घरांच्या चाव्या त्या मुलांच्या खिशात. मला त्या दहांचे पत्ते माहीत नाहीत, नुसती नावं आणि कौतुक.

सूनबाई म्हणाली, "मालक म्हणून बोलता येत नाही, पण गिऱ्हाईक म्हणून येईल. तुम्हीच आपल्या दुकानाला रिव्ह्यू द्या."

दिला. एक तारा. ती सांगत गेली, मी एका बोटानं टाइप करत गेलो: 'मी या दुकानाचा खरा मालक. वर दिलेला नंबर माझा नाही. गेल्या महिन्यात तुमचं कुलूप बदलून गेले ते माझी माणसं नव्हेत. तुमची चावी त्यांच्याकडे आहे. आजच कुलूप बदला. कानसेन म्हणून कुणी आलं तर दार उघडू नका.'

एक तारा दाबताना हात अडला. दुकानाची पाटी मी स्वतः रंगवली होती, ब्रश उधार आणून.

मग तिनं त्याचीच जाहिरात केली. मोठ्या अक्षरात: 'आमच्या दुकानाला फोन करू नका.' आसपास राहणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर दिसेल म्हणाली. चष्मेवाला म्हणाला, "जाहिरात देऊन गिऱ्हाईक घालवणारा पहिला दुकानदार बघितला." मग म्हणाला, "माझ्या दुकानातही एक कागद चिकटवा."

बुधवार, १२ मार्च

कालच्या जाहिरातीनं सात जण दुकानात चालत आले. सातही जणांची कुलपं आज बदलली, फुकट. टाकीमागचे गृहस्थही आले. मी उभा राहिलो. ते म्हणाले, "बसा. तुम्ही नव्हता हे पोलिसांनी सांगितलं." आणि मग हळूच, "पण मी नाव तुमचंच बघून बोलावलं होतं हो."

दुपारी फोन आला. तोच आवाज.

"काका, एक तारा कशाला दिलात? दुकानाचं नाव खराब होतं."

मी जेवणाचं ताट बाजूला सरकवलं.

"काढून टाका. नाहीतर रोज पन्नास एक-तारे पडतील तुमच्यावर. फोन हातात घ्यायला घाबराल."

आवाजात तीच माया. आजही कुठेच अडला नाही. मी फोन ठेवला आणि हिला म्हटलं, दाराची कडी लावून घे. ती म्हणाली, "दुपारी दोनला?" माझं तोंड बघून लावली.

आवाजावरून माणूस ओळखतो म्हणे.

गुरुवार, १३ मार्च

आणखी दोघं सापडली. एक उरली.

तिनं नावाच्या जागी 'मनीची आई' लिहिलंय, फोटोच्या जागी मांजर. आणि लिहिलंय: 'मी एकटी राहते. चावी आत राहून दार ओढलं गेलं होतं. मुलांनी अलगद उघडलं. पुन्हा असं झालं तर काळजी नको, एक चावी आम्ही जपून ठेवतो म्हणाली.'

हे मी दहा वेळा वाचलं. ही बाई चोरांचे आभार मानतेय, आणि एकटी राहते असं जगाला सांगतेय, माझ्या पानावर.

खाली दाराचा फोटो आहे. बदामी रंग, नवी लॅच, वर पत्र टाकायची पितळी फट, झाकणाला शंखाचा आकार. शंखाची फट मी एकाच ठिकाणी पाहिलीय, छापखान्यामागच्या चार इमारतींत. प्रत्येकीत सोळा दारं. पोलिसांना सांगितलं. ते म्हणाले, माणूस मोकळा झाला की पाठवतो.

शुक्रवार, १४ मार्च

सकाळी नऊला गेलो. पहिल्या दोन इमारतींत बदामी दार नाही. जिन्यात लोक मला बघून दारं लावून घेत होते. जाहिरात पोहोचली होती तर.

तिसऱ्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बदामी दार, शंख, खाली नवी लॅच. बेल वाजवली. आत खुर्ची सरकली. मग काहीच नाही. पण दारापलीकडे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं, ते मला ऐकू येत होतं.

"बाई, घाबरू नका. मी कानसेन चावीवाला."

"तेच ना, ज्यांना दार उघडायचं नाही?"

"हो. तोच. म्हणजे खरा तो."

"मागचेही खरेच होते."

"तुम्ही कुलूप बदललंत का?"

"कोणाकडून बदलू? चावीवाला शोधला की फोनवर पहिलं तुमचंच नाव येतं. परवापासून आतून कडी लावून बसलेय. दूध संपलंय, मनी ओरडतेय. पोलीस येतो म्हणालेत." मग म्हणाली, "काल संध्याकाळी कुणीतरी बाहेरून चावी फिरवून बघितली. कडी होती म्हणून."

काल संध्याकाळी मी घरी बसून फोटोतल्या दाराकडे बघत होतो.

"माझ्याकडे नवं कुलूप आहे," मी म्हटलं.

"तुमच्या पिशवीतलं कुलूप मी कशाला लावू? त्याची चावी कोणाकडे असेल?"

बरोबर होतं बाईचं. मी खरा आहे हे दाखवायला माझ्याकडे काय होतं? ओळखपत्र त्यांच्याकडेही असेल. नाव तर होतंच.

"जुनं कुलूप टाकलंत का?"

"नाही. ती मुलं न्यायला निघाली होती, मीच ठेवून घेतलं. पितळ आहे."

"चावीनं फिरतं?"

आत ड्रॉवर उघडला. टिक. टिक. कुलूप ठणठणीत होतं. त्याला काही झालेलंच नव्हतं.

"तेच परत बसवा. त्याच्या चाव्या फक्त तुमच्याकडे आहेत. मी सांगतो, तुम्ही करा. मी हात लावणार नाही."

"दार उघडावं लागेल?"

"लागेल. मी एक मजला खाली जाऊन बसतो."

"कठड्यावरून दिसेल असे बसा. तोंड भिंतीकडे. माझ्या हातात इस्त्री आहे."

"गरम की गार?"

"ते तुम्हाला कळायची वेळ आणू नका."

बसलो. तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर, भिंतीला नाक लावून, शाळेत बसायचो तसा. वर कडी निघाली. दार किरकिरलं. बराच वेळ काही नाही, बहुधा वाकून मला बघत असावी. मग स्क्रू ड्रायव्हर.

आतल्या पेटीचे चार स्क्रू, मी सांगितलं. चार निघाले. मग दोन लांब. दुसरा निघाला तसा नव्या लॅचचा चावी घालायचा गाभा बाहेरच्या बाजूनं खाली पडला, पायरीवर आपटत माझ्या मागे येऊन थांबला. मी वळलो नाही.

"आता जुन्या कुलपाचा गाभा बाहेरून घाला. मागची चपटी पट्टी आडवी ठेवा. दोन्ही लांब स्क्रू आलटून पालटून आवळा."

ऐकत राहिलो. "हा तिरका चाललाय. काढा, परत लावा."

"बघताय का वळून?"

"नाही. करकरला."

ती थांबली. मग काढून पुन्हा लावला. या वेळी मऊ गेला.

"पेटी लावा. आता चावी फिरवा."

फिरवली. कुलपाची जीभ बाहेर आली, आत गेली, बाहेर आली.

"बसलं?" तिनं विचारलं.

"बसलं. आता तो रिव्ह्यू काढा बाई. एकटी राहते म्हणून लिहिलंय ते आधी."

"कालच काढायला गेले. जमलं नाही."

मी सांगितलं कुठे दाबायचं. मला आता येतं. ती एकेक शब्द मोठ्यानं वाचत दाबत होती. "गेलं," म्हणाली.

मी म्हटलं, दूध आणून देऊ का? नको म्हणाली. म्हणाली, "तुम्ही आता जा. खालचं फाटक वाजेपर्यंत मी दाराशी उभी आहे."

उठलो. पायरीवरचा तो गाभा रुमालात घेतला, पोलिसांसाठी. वर बघितलं नाही. तिचा चेहरा मी पाहिला नाही, तिनं माझी पाठ पाहिली. खाली येऊन जिन्याचं जाळीचं फाटक मुद्दाम जोरात लावलं आणि बाहेर उभा राहून जिन्यातून येणारे आवाज ऐकले. चावी दोनदा फिरली. मग कडी. मग एक जड वस्तू फरशीवरून ओढत दारापर्यंत आणली गेली. कपाट असावं.